पत्र्याची कड

ड्रिलचं टोक पत्र्याला टेकवलं आणि अनुजानं श्वास रोखून धरला. गाडीच्या पुढच्या डाव्या सीटच्या पायाशी ती कुशीवर पडली होती. मान वाकडी, एक पाय दाराबाहेर. सतरंजी मागं सारून काळा पत्रा उघडा केला होता. पत्र्याच्या पलीकडं इंजिन.

या पत्र्याला गॅरेजवाले फायरवॉल म्हणतात. इंजिनाची धग, धूर आणि वेळ आलीच तर आग आतल्या माणसांपर्यंत पोचू नये म्हणून तो असतो. पण डिकीतल्या ॲम्प्लिफायरला बॅटरीवरून वीज द्यायची, तर बोटाएवढी जाड केबल याच पत्र्यातून आत घ्यावी लागते. ज्याच्या भरवशावर माणसं निवांत बसतात त्यालाच भोक पाडायचं.

"दाब की आता!" बाहेरून अमरसिंह ओरडला. "पल्याड काय न्हाय. वायरींचा जुडगा बाजूला बांधलाय न्हवं?"

जुडगा तिनंच बांधला होता. तरी बॉनेटमधून हात घालून तिनं पुन्हा पुन्हा चाचपून बघितलं होतं. ब्रेकची नळी कुठून जाते, एसीचा पाइप कुठं वळतो, सगळं. हे काम नवऱ्याला करताना तिनं कितीतरी वेळा पाहिलं होतं. स्वतःच्या हातानं ती पहिल्यांदाच करत होती.

तिनं बटण दाबलं. पत्रा कर्कश ओरडला, गरम कीस मनगटावर उडाला आणि हात एकदम पुढं गेला. भोक पडलं होतं. ती तशीच पडून कानोसा घेत राहिली. काही फुटल्याचा आवाज नाही. कुठून काही गळत नाही.

"झालं?"

"झालं."

"मग बाहेर ये की. झोपलीस काय आत?"

अमरसिंह निकमचं हे दुकान उचगावात हायवेच्या सर्व्हिस रोडला होतं. गाड्यांचं वायरिंग, हॉर्न, दिवे आणि मुख्य म्हणजे साउंड. त्यानं बसवलेल्या सिस्टिमला घरघर येत नाही, असं कोल्हापुरातली पोरं एकमेकांना सांगायची. माणूस बोलायला फटकळ, कामाला पक्का. गेल्या वर्षी गणपतीच्या दिवसांत दुकानातच त्याला लकवा मारला. चाळिशीही नीट उलटली नव्हती. जीव वाचला, पाय हळूहळू चालता झाला. पण उजव्या हाताला साधा स्क्रू धरवेना, आणि घाईनं बोलायला गेलं की जीभ जड होऊन शब्द एकमेकांत अडकायला लागले.

दुकान विकायचं घरात जवळजवळ ठरलं होतं. अनुजा आडवी आली. तिचे वडील कागलजवळ शेतीपंपांच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून द्यायचे; तांब्याची तार गुंडाळत ती लहानाची मोठी झाली होती. "तुम्ही बसून सांगा, मी करतो," ती नवऱ्याला म्हणाली. नवऱ्याचा जुना खाकी शर्ट ड्रेसवर चढवून ती काम करायला लागली, आणि अमरसिंह खुर्चीत बसून सांगायला लागला. सांगायचा म्हणजे ओरडायचा. हात चालत नाही याची सगळी चीड तोंडावाटे बाहेर पडायची.

दिवे, हॉर्न, बारके स्पीकर, एवढ्यावर दुकान रेटत होतं. मोठी सिस्टिम बसवायला आलेली पोरं मात्र, गाडीला ही बाई भोक पाडणार म्हटल्यावर, 'येतो जरा' म्हणून जी निघून जायची ती परत फिरकायची नाहीत.

सम्राट आला आणि थांबला. हुपरीत त्यांच्या घरी पैंजणं घडवायचा कारखाना होता. नुकतीच त्यानं ही जुनी पण चांगल्यातली गाडी घेतली होती. त्याच दिवशी संध्याकाळी कागलच्या एका हॉलमध्ये त्याच्या बहिणीचा साखरपुडा होता, आणि गाडी तिथं वाजत गेली पाहिजे हा त्याचा हट्ट. घरची मंडळी हुपरीहून मिनीबसनं परस्पर निघणार होती. त्याला उचगावात मामाकडं राहणाऱ्या आज्जीला घेऊन कागल गाठायचं होतं.

भोक पडलं तरी काम संपत नाही. कापलेल्या पत्र्याची कड ब्लेडसारखी असते. कानस मारली तरी धार पुरती जात नाही. म्हणून भोकात रबराचा बुश बसवतात आणि त्यातून केबल घालतात. नाहीतर इंजिनाच्या थरथरीनं ती कड केबलचं आवरण कापत जाते. अनुजानं बुश बसवला, पण केबल ओढताना तो भोकातून निसटला. भोक जरा रुंद करायला हवं होतं. तिनं केबल परत काढली, बुश शर्टाच्या खिशात टाकला आणि कानस घेतली. तेवढ्यात बाहेर आवाज चढले.

या केबलला लागणारा मोठा फ्यूज दुकानात नव्हता. इतके महिने मोठं काम आलं नव्हतं, त्यामुळं आणायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. अमरसिंह डाव्या हातानं कपाटातले डबे पालथे घालत होता.

"मी कोल्हापुरात शाहूपुरीतनं घेऊन येतो," अनुजा हात पुसत म्हणाली. "गेलो नि आलो."

"वैनी, येळ न्हाय हो!" सम्राट मोबाइल नाचवत म्हणाला. "आज्जी तिकडं नटून बसलीया. मामाचा फोनवर फोन चाललाय. एक दिवस फ्यूजबिगर काय हुतंय? माझ्या दोस्तानं तर बसवलाच न्हाय, वरीस झालं."

"फ्यूज न्हाय तर केबल जोडायची न्हाय." अनुजानं नवऱ्याकडं बघितलं. "तुम्हीच शिकवलंय न्हवं?"

अमरसिंह हातातला रिकामा डबा ठेवून खुर्चीत बसला.

"मिस्त्री, तुमचं नाव ऐकून आलतो मी," सम्राट म्हणाला. "जमत न्हाय तर तसं सांगा. पण मग हुपरीतनं कोण याचं न्हाय हिकडं."

'जमत न्हाय' हे शब्द अमरसिंहला लागले. त्यानं मांडीवर पडलेल्या आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं, आणि बायकोची नजर चुकवत म्हणाला, "जोड. उद्या सकाळी येऊन बसवून घेईल त्यो."

"अवं, पण..."

"जोड म्हणतोय न्हवं!"

गिऱ्हाइकासमोर ती त्याला कधी उलटून बोलली नव्हती. आताही बोलली नाही. ती गाडीत शिरली. डोक्यात राग भणभणत होता आणि हात आपोआप चालत होते. केबल भोकातून आत ओढली, सतरंजीखालून डिकीपर्यंत नेली, दुसरं टोक बॅटरीच्या प्लसवर जोडलं आणि कामासाठी सोडवलेला मायनस पान्यानं परत आवळला. सम्राटनं गाणं लावलं तशी दुकानाच्या शटरचा पत्रासुद्धा थरथरला. तो खूश झाला, अमरसिंहच्या पाया पडला आणि गाडी उडवत निघून गेला.

दुकानात एकदम शांत झालं. अनुजानं दुकान झाडलं, ड्रिल पुसून ठेवलं, आणि हात धुवायला जाताना शर्ट काढला. खिसा जड लागला. तिनं आत हात घातला. एक वॉशर, दोन स्क्रू आणि काळा रबरी बुश.

तो हातात घेऊन ती नळापाशी तशीच उभी राहिली. खाली पाणी वाहत होतं.

"अवं," ती म्हणाली. "ह्ये बघा."

अमरसिंहनं बघितलं. लगेच त्याला उमगलं नाही. मग उमगलं.

"बसवला न्हाईस तू?"

"खिशात ठिवला आणि... न्हाय बसवला."

"अगं आई..." त्यानं डोक्याला हात लावला, मग सावरून, स्वतःलाच समजावल्यासारखा म्हणाला, "एका दिसात काय कापत न्हाय. उद्या येणारच हाय त्यो."

"कड नवी हाय. धार तशीच हाय. कानस बी पुरी मारली न्हवती मी." अनुजा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "आणि फ्यूज न्हाय. खरं सांगा मला. काय हुईल?"

फ्यूज असता तर केबल पत्र्याला टेकली तरी तो जळून वीज तुटली असती. गाणं बंद पडलं असतं, एवढंच. फ्यूज नसला की बॅटरीची सगळी ताकद त्या एका जागी उतरते आणि केबल निखाऱ्यासारखी लाल होते. वर प्लास्टिक, खाली सतरंजी. अमरसिंहला हे तिच्यापेक्षा जास्त माहीत होतं. तो खुर्चीतून उठला आणि चपला शोधायला लागला.

त्यानं सम्राटला फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"उचलत न्हाय."

"कसा उचलंल?" अनुजा म्हणाली. "त्या आवाजात फोन ऐकू येतोय व्हय त्याला?"

दहा नंबरचा पाना आणि तो बुश तिनं शर्टाच्या खिशात टाकले, शर्ट पुन्हा अंगावर चढवला आणि स्कूटर बाहेर काढली. लकव्यानंतर अमरसिंह तिच्या मागं स्कूटरवर कधी बसला नव्हता. कुठं जायचं झालं तर रिक्षा बोलवायचा, नाहीतर पाय ओढत चालत जायचा. बायको गाडी चालवतेय आणि आपण मागं, हे त्याला सोसायचं नाही. आता तो काही न बोलता मागं बसला आणि डाव्या हातानं त्यानं तिचा शर्ट मुठीत धरला.

साखर कारखान्यांचा हंगाम होता. हायवेवर उसानं लादलेले ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत रस्ता अडवून चालले होते. कुठं एक ट्रॅक्टर दुसऱ्याला ओलांडायला बघत होता आणि मागं गाड्यांची रांग लागलेली. अनुजा कडेच्या मातीतून स्कूटर काढत होती. गोकुळ शिरगावपाशी एमआयडीसीची पाळी सुटलेली. मोटरसायकलींचा लोंढा आडवा आला. ती हॉर्नवरचा अंगठा काढत नव्हती.

प्रत्येक खड्ड्याला तिच्या डोळ्यांसमोर ती केबल यायची. आता गाडी उडाली, आता कड जरा आत गेली. आता ब्रेक लागला, आता आणखी जरा. आत म्हातारी बसलेली. तिनं त्या म्हातारीला कधी पाहिलं नव्हतं, तरी नटून बसलेली म्हातारी तिला दिसत होती.

मधेच अमरसिंहनं शर्टावरची मूठ सोडून पुन्हा फोन लावला. "लागला काय?" तिनं वाऱ्यात ओरडून विचारलं.

"न्हाय."

कणेरीवाडी मागं पडली आणि पुढं डाव्या बाजूला धूर दिसला. काळा, जाड, रस्त्याला लागून वर चढणारा. अमरसिंहची मूठ तिच्या पाठीवर आवळली. अनुजानं ॲक्सिलरेटर पिळला तेवढा पिळला. जवळ आल्यावर दिसलं: ऊस तुटून गेलेल्या रानात कुणीतरी पाचट पेटवलं होतं. बांधावर एक म्हातारा काठी घेऊन निवांत उभा होता. तिला रडू फुटलं. तिनं स्कूटर थांबवली नाही.

सम्राटनं सांगितलेल्या कागलच्या हॉलसमोर गाड्या दाटीनं लावल्या होत्या. दारात रांगोळी, फेटे बांधलेली पोरं, आतून सनईची रेकॉर्ड. सम्राटची पांढरी गाडी पुढं कुठंच दिसेना. अनुजा कंपाउंडला वळसा घालून मागच्या अंगाला गेली. तिथं आचाऱ्यांनी कापडी मांडव टाकून चुली मांडल्या होत्या, गॅसची नळकांडी ओळीनं उभी केली होती. आणि मांडवाला जवळजवळ टेकून, सावली बघून, ती गाडी लावलेली होती.

इंजिन चालू होतं. काचा वर. गाण्याचा बास मधेच तुटत होता, पुन्हा लागत होता. जवळ गेल्यावर अनुजाच्या नाकात तो वास शिरला. मोटार भरताना तार जळली की यायचा तोच वास.

मागच्या सीटवर हिरव्या काठाच्या लुगड्यातली एक म्हातारी बसली होती. ही सम्राटची आज्जी, झुंबरबाई. मांडीवर लाल कापडाची पिशवी तिनं दोन्ही हातांनी कवटाळून धरली होती. नवरीला द्यायची चांदी त्या पिशवीत होती. आत बोलावणं येईपर्यंत तिला उकडू नये म्हणून सम्राटनं एसी चालू ठेवला होता, आणि कुणी आलं तरी दार उघडायचं नाही असं बजावून, दारं लॉक करून तो आत गेला होता.

"तुम्ही आत जावा, सम्राटला काढा बाहेर!" अनुजा नवऱ्याला म्हणाली आणि काचेवर थापा मारायला लागली. "आज्जी! दार उघडा! आज्जी!"

झुंबरबाईनं तिच्याकडं बघितलं. काळे हात, ग्रीस लागलेला पुरुषी शर्ट, विस्कटलेले केस. तिनं पिशवी आणखी घट्ट धरली.

"सरक मागं!" काचेतून तिचा आवाज बारीक आला. "सम्राटला बोलवीन!"

"बोलवा की! पर आधी बाहेर या! गाडी पेटतीया!"

"न्हाय उघडत जा!"

अनुजानं चारी दारं ओढून बघितली. सगळी बंद. आचाऱ्यांपैकी एकजण झारा घेऊन बघायला आला. "काय वो बाई, काय चाललंय?" तिनं त्याला नळकांडी मागं ओढायला सांगितलं. तो नुसता बघत राहिला.

तिकडं अमरसिंह पाय ओढत हॉलच्या दाराशी पोचला होता. दारातल्या पोरांना तो घाईनं सांगायला गेला आणि जीभ अडकली. लटपटती चाल, जड जीभ, घामानं डबडबलेलं तोंड. "पावणं, जरा जास्त झालीया का?" एकजण हसून म्हणाला आणि त्यानं अमरसिंहच्या छातीवर हात ठेवला. अमरसिंहनं तो हात बाजूला केला, की त्याच्या काखेतून वाकून गेला, हे पुढं त्यालाही आठवत नव्हतं. खुर्च्यांना धडकत तो सरळ स्टेजकडं गेला. तिथं सूत्रसंचालन करणाऱ्याच्या हातात माइक होता.

बाहेर अनुजाला फक्त आवाज ऐकू आला. सनई एकदम बंद पडली, कर्णा खरखरला आणि भोंग्यातून तिच्या नवऱ्याचा आवाज आला. प्रत्येक शब्द जिभेवरून ढकलून काढलेला.

"सम्राट... गाडी... तुझी गाडी... आज्जी आत हाय..."

त्याच वेळी गाडीच्या पुढच्या जाळ्यांतून, जिथनं एसीची हवा येते तिथनं, करडा धूर निघाला. झुंबरबाईला ठसका लागला. आता तिनं दाराकडं हात नेला, पण कुठली कडी ओढायची ते तिला कळेना. ती काच खाली करायच्या बटणावर बोटं आपटत राहिली.

"आज्जी, हितं बघा! माझ्याकडं बघा!" अनुजानं काचेला तोंड लावलं आणि हातानं खूण केली. "ती कडी. व्हय, तीच. ओढा. परत ओढा! जोरात!"

पहिल्या ओढीला लॉक उघडल्याचा खटका झाला, दुसऱ्या ओढीला दार. अनुजानं म्हातारीला काखेत धरून बाहेर ओढली. पिशवी घसरली म्हणून ती तिनं दुसऱ्या हातानं पकडली. नेमकं तेवढंच धावत आलेल्या माणसांनी बघितलं.

"अगं ए! सोड तिला!" सम्राटचा मामा आकाराम सगळ्यात पुढं होता. दूधधंद्यातला दांडगा माणूस. त्यानं अनुजाचा दंड असा धरला की तिच्या हातातून पिशवी खाली पडली.

"पिशवी घ्या, मला सोडा!" ती किंचाळली. "बॉनेट उघडू द्या आधी!"

आकारामनं गाडीकडं बघितलं. डाव्या बाजूनं, डॅशबोर्डच्या खालून, धूर आता वेटोळी घेत बाहेर येत होता. त्यानं दंड सोडला.

अनुजानं मागच्या दारातून हात घालून पुढचं दार उघडलं, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, बॉनेटचा खटका ओढला. पण इंजिन बंद झालं म्हणून बॅटरी थांबत नाही. बॉनेट वर केलं तशी गरम धग तोंडावर आली. पत्र्याजवळ केबलचं आवरण वितळून टपकत होतं आणि आतलं तांबं लाल दिसत होतं. बाजूच्या वायरींच्या जुडग्याला निळसर ज्योत लागली होती, बोटभर.

"पाणी आणा, पाणी!" कुणीतरी बादली घेऊन धावलं.

"पाणी नगं! थांबा!"

खिशातून पाना काढून तिनं बॅटरीच्या मायनसवर लावला. नट तिनंच दुपारी आवळला होता, रागात, सगळ्या जोरानिशी. तो हलेना. पाना निसटला आणि तिचा तळवा तापलेल्या लोखंडावर गेला. तिनं हात झटकला, शर्टाची बाही तळव्यावर ओढून घेतली, पुन्हा पाना लावला आणि अंगाचा सगळा भार टाकला. नट किरकिरला. अर्धा फेरा. आणखी एक. तिनं टर्मिनल पकडून उपसलं.

तांब्याची लाली हळूहळू काळी पडली. ज्योत मात्र अजून होती. आकारामनं दोन्ही ओंजळी भरून माती टाकली, आणखी टाकली. धूर एकदा दाट झाला आणि मग विरळ होत गेला.

आकाराम हात झटकत मागं सरला. मग सगळे एकदम बोलायला लागले. सम्राट फेटा सावरत गर्दीतून आला, त्यानं गाडीत डोकावलं, आज्जीकडं बघितलं आणि अमरसिंहवर धावून गेला.

"काय केलंसा ह्ये? माझी आज्जी हुती आत! मारलं असतंसा तिला!"

"फ्यूज... बिगर जोडायला मी सांगितलं," अमरसिंह म्हणाला. तो भिंतीला धरून उभा होता. "ती नगं म्हणत हुती. मी सांगितलं."

"बुश माझ्याकडनं ऱ्हायला," अनुजा म्हणाली. तिनं खिशातून बुश काढून सगळ्यांना दिसेल असा समोर धरला. "ह्यो भोकात पाहिजे हुता. माझ्या खिशात हुता."

फ्यूजबिगर जोडा असं मुळात कोण म्हणालं होतं, हे दोघांपैकी कुणी काढलं नाही. सम्राटला ते आठवत असावं. तो आणखी काही बोलणार होता तो थांबला, आणि मग दुसरंच काहीतरी, गाडीच्या वायरिंगबद्दल, मोठमोठ्यानं बोलत राहिला.

"ए, गप बसा सगळी!" झुंबरबाई खुर्चीत टेकली होती. पिशवी पुन्हा तिच्या मांडीवर आली होती. "आदी मला पाणी द्या. पोरगी आत वाट बघतीया. साकरपुडा करायचाय का न्हाय?"

मंडळी आत गेली. सनई पुन्हा सुरू झाली. अमरसिंह आणि अनुजाला कुणी या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. बॅटरीची दोन्ही टोकं सोडवून, जळकी केबल कापून बाजूला टाकून, अनुजानं बॉनेट लावलं. आचाऱ्यानं कुठून तरी हळद आणून तिच्या तळव्यावर दाबली.

परतीच्या वाटेवर तिला एका हातानं स्कूटर चालवणं जड जात होतं. हायवेला लागण्याआधीच तिनं गाडी कडेला घेतली. दोघं उतरले.

"मला लई भ्या वाटलं," अमरसिंह म्हणाला. "आता न्हवं. दुपारी. त्यो 'जमत न्हाय' म्हणाला तवा. वाटलं, आता ह्ये बी गेलं तर मी काय म्हणून बसू त्या खुर्चीत?"

"मग मला तसं सांगायचं हुतं."

"गिऱ्हाइकाम्होरं?"

"ओरडता की गिऱ्हाइकाम्होरं."

तिचा भाजलेला हात त्यानं आपल्या डाव्या हातात घेतला, उलटा करून बघितला आणि हळूच सोडला.

सम्राट परत आला नाही. वायरिंग त्यानं दुसरीकडून करून घेतलं. हुपरीत त्यानं काय सांगायचं ते सांगितलं असणार, कारण त्या हंगामात तिकडून एकही गाडी दुकानासमोर थांबली नाही. अनुजाचा तळवा भरून यायला वेळ लागला. दुकान अर्धवट उघडं, अर्धवट बंद राहिलं. दुकान विकायची गोष्ट घरात पुन्हा निघाली. या वेळी अमरसिंहच नाही म्हणाला.

उन्हाळा सुरू झाला होता. एक दिवस एक जुनी जीप सर्व्हिस रोडवर येऊन थांबली आणि आतून आकाराम उतरला. अनुजा हातातलं काम ठेवून उठली. त्यानं दुकानाकडं, अमरसिंहकडं, मग तिच्या हाताकडं बघितलं.

"बरा झाला हात?"

"व्हय."

"फुडचा दिवा लागत न्हाय. धार काढून पहाटं दूध घिऊन जायचं असतंय मला." तो घुटमळला. "आई म्हणाली, त्याच पोरीकडं जा. मी काय तुझा दंड धरलेला इसरलो न्हाय."

"मी बी न्हाय," अनुजा म्हणाली.

आकाराम मोठ्यानं हसला आणि खुर्ची ओढून बसला, काम होईपर्यंत उठणार नाही अशा बेतानं. अनुजा जीपच्या बॉनेटमध्ये वाकली. वायरी जुन्या, तेलकट, कुणी कुणी जोडून जोडून ठेवलेल्या. आत अंधार होता. कपाटातला टॉर्च काढून अमरसिंह तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. डाव्या हातानं तो उजेड धरत होता, आणि काही बोलत नव्हता.

"जरा खाली," ती म्हणाली.

त्यानं टॉर्च खाली घेतला.